ओज आणि अवडंबर

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना काही वाक्ये इतक्या वेळा डोळ्यांखालून जातात की ती वाचली जातच नाहीत. ‘कवीची भाषा ओजस्वी आहे’ हे त्यांतले एक. प्रश्न सावरकरांवर असो, कुसुमाग्रजांवर असो की एखाद्या पोवाड्यावर असो, हे वाक्य येतेच आणि त्याच्या पुढे पूर्णविराम येतो. ओजस्वी म्हणजे काय, कशामुळे, हे सांगण्याची गरज विद्यार्थ्याला वाटत नाही. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. सभांचे वृत्तांत, गौरवग्रंथ, निधनानंतरचे लेख यांतही ‘ओजस्वी वक्ता’ म्हणजे ज्याचा आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतो तो, एवढाच अर्थ उरला आहे. घनगंभीर नादाचे, भरघोस शब्दांचे बोलणे म्हणजे ओज, असे आपण धरून चाललो आहोत. या शब्दाचा प्रवास पाहिला तर मात्र ही समजूत किती अपुरी आहे ते कळते, आणि गमतीची गोष्ट अशी की हीच समजूत खोडून काढण्यासाठी आपल्या साहित्यशास्त्राने दोन-तीन शतके खर्ची घातली होती.

‘ओजस्’ हा शब्द मुळात वाणीचा नव्हेच. तो शरीराचा आहे. ऋग्वेदात तो येतो तो प्रामुख्याने इंद्राच्या बळाचे वर्णन करताना. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडातील एका छोट्या सूक्तात उपासक एकेक गोष्ट मागत जातो : ओज, सहनशक्ती, बळ, आयुष्य, श्रवण, दृष्टी. मागण्यांच्या या रांगेत ओज पहिले आहे. कान आणि डोळे नंतर येतात. ‘उग्र’ हा शब्द याच धातुकुळातला. भाषाशास्त्रज्ञ या कुळाचा संबंध लॅटिनमधील ‘ऑगेरे’ म्हणजे वाढणे, वाढवणे या क्रियापदाशी जोडतात. त्यातूनच रोमन सम्राटाची ‘ऑगस्टस’ ही पदवी आली आणि त्या सम्राटाच्या नावावरून आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला ऑगस्ट महिना. तेव्हा ऑगस्ट आणि ओज हे दूरचे भाऊबंद ठरतात. वाढणे, भरणे, आतून फुगून येणे ही या शब्दाची मूळ कल्पना आहे. आवाज तिच्यात अजून कुठेही नाही.

आवाज येतो तो वैद्यकाच्या दारातून. आयुर्वेदाने ओजाला एक पदार्थ मानले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्याचे वर्णन असे आहे : ते हृदयात राहते, त्याला तुपाचा रंग, मधाची चव आणि लाह्यांचा वास असतो. भुंगे जसे फुलाफळांतून मध गोळा करतात तसे ते शरीरात साठत जाते. सुश्रुताने रसापासून शुक्रापर्यंतच्या सातही धातूंचे जे परम तेज ते ओज, आणि त्यालाच बळ म्हणतात, असे सांगितले. इथे वाचकांनी दोन तपशिलांकडे लक्ष द्यावे. हे बळ शरीरात नीट असले म्हणजे काय काय होते याची यादी देताना सुश्रुत स्थिर आणि भरलेल्या मांसाबरोबर ‘स्वर-वर्ण-प्रसाद’ही सांगतो. म्हणजे आवाज आणि कांती यांचा स्वच्छपणा. ओज आणि प्रसाद हे पुढे काव्याचे दोन गुण म्हणून गाजलेले शब्द इथे रोग्याच्या बिछान्याजवळ एकत्र उभे आहेत. दुसरा तपशील चरकाचा. ओज क्षीण झालेल्या माणसाची लक्षणे तो सांगतो तेव्हा त्यांतले पहिले लक्षण ‘भितो’ हे आहे. अशक्तपणा त्यानंतर येतो. मग सततची चिंता, इंद्रियांची व्यथा, उडालेली कांती. ओजाचा अभाव म्हणजे भीती ही वैद्याची नोंद साहित्याच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी आहे. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील दहा काव्यगुणांत ओज आहे. मात्र कौटिल्याने राजशासने कशी लिहावीत हे सांगताना अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व अशी सहा अंगे दिली, त्यांत ओज नाही. ज्याच्या हाती दंड आहे त्याला शब्दांत वेगळे बळ आणण्याचे कारण काय, असा विनोदी विचार मनात येतो. असो. प्रत्यक्षातले राजे मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. रुद्रदामन्‌ याचा जुनागढचा शिलालेख इ. स. 150च्या सुमाराचा. संस्कृत गद्यातील त्याचे लांबलचक समास एकदा म्हणून पाहावेत. श्वास पुरत नाही, आणि श्वास पुरू नये हाच बहुधा हेतू असावा.

सातव्या शतकाच्या आसपास कांचीला दंडीने ही वस्तुस्थिती सूत्रात बांधली. समासांचे बाहुल्य म्हणजे ओज, आणि ते गद्याचे जीवित. पद्याबाबत त्याने एक टोमणाही मारून ठेवला आहे. दाक्षिणात्य नसलेल्यांचा पद्यातही हाच एकमेव आसरा असतो, असे तो म्हणतो. याच्या मुळाशी वैदर्भी आणि गौडी या दोन मार्गांचा भेद आहे. कोमल, प्रसन्न रचनेला आपल्या विदर्भाचे नाव मिळाले आणि नादाच्या गडगडाटाला बंगालचे. बाणभट्टानेही हर्षचरिताच्या आरंभी कोणत्या दिशेला काय आवडते हे सांगताना गौडांच्या वाट्याला ‘अक्षरडंबर’ दिले आहे. या भूगोलावर फार विसंबण्यात अर्थ नाही. पाचव्या शतकातला वाकाटक राजा प्रवरसेन (दुसरा) विदर्भात राज्य करीत होता आणि त्याच्या नावावर असलेले ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य समासांनी भरलेले आहे. स्वरांमधली व्यंजने गाळून मऊ झालेल्या त्या भाषेत समुद्राचा घोष उभा करायचा तर समासांची रास लावण्यावाचून इलाज नव्हता. भवभूती हा पद्मपूरचा, म्हणजे परंपरेने आपलाच. त्याच्या ‘मालतीमाधवा’तील स्मशानाच्या अंकात गौडी रीती जी कडाडते तिला तोड नाही.

‘अक्षरडंबर’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. ‘आडंबर’ हा जुना वैदिक शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचा ढोल. ढोलाचा आवाज, मग कोणताही मोठा गाजावाजा, मग दिखाऊ थाट असे करीत तो मराठीत ‘अवडंबर’ होऊन उतरला. आज ‘शब्दांचे अवडंबर’ म्हणताना आपल्याला ढोल ऐकू येत नाही, पण शब्दाच्या पोटात तो आहे. ढोल वाजतो कारण तो आत पोकळ असतो. ओजाची कल्पना याच्या नेमकी उलट, आत भरलेले असण्याची. दुरून ऐकताना दोन्हींचा नाद सारखाच वाटतो. टीकेचे काम इथून सुरू होते.

ही अडचण पहिल्यांदा वामनाला जाणवलेली दिसते. इ. स. 800च्या आसपास काश्मीरात त्याने प्रत्येक गुणाचे दोन पदर केले, एक शब्दाचा आणि एक अर्थाचा. शब्दाचे ओज म्हणजे घट्ट बांधणी. अर्थाचे ओज म्हणजे प्रौढी : जे सांगायला वाक्य लागावे ते एका पदात सांगणे, एका पदाच्या जागी वाक्य उलगडणे, विशेषण घालायचे तर ते हेतूने घालणे. आवाजाशी काहीही संबंध नसलेले ओज असू शकते हे इथे प्रथम मान्य झाले.

त्यानंतर पन्नाससाठ वर्षांनी आनंदवर्धनाने सगळा प्रश्नच उचलून दुसरीकडे ठेवला. त्याच्या मते गुण हे अक्षरांचे नव्हेत, रसाचे. रौद्रादी रसांच्या अनुभवाने चित्तात जी दीप्ती येते तिचे नाव ओज, आणि शब्दरचना ही ते ओज प्रकट करण्याचे साधन. हे सिद्ध करण्यासाठी त्याने दिलेली उदाहरणे वर्गात शिकवताना मला दर वेळी नवी वाटतात. दोन्ही भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या एकाच नाटकातली आहेत. पहिले भीमाचे. गदेच्या प्रहाराने दुर्योधनाच्या मांड्या चूर करून त्या रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीचे केस बांधीन, ही त्याची प्रतिज्ञा ओळ ओळ लांबीच्या समासांतून आणि आदळणाऱ्या व्यंजनांतून येते. कोणीही ऐकले तरी म्हणेल, हे ओज. दुसरे अश्वत्थाम्याचे. बाप कपटाने मारला गेला आहे. पांडवांच्या सैन्यात जो जो शस्त्रधारी आहे, पांचालांच्या कुळात जो जो आहे, मग तो बालक असो, म्हातारा असो की गर्भात असो, त्या प्रत्येकाचा आपण अंत होऊ, असे तो म्हणतो. इथे मोठा समास नाही. शब्द सुटे, साधे, पहिल्या ऐकण्यात कळणारे. ‘जो जो’ची मोजणी तेवढी चालू राहते. आनंदवर्धन विचारतो त्याचा मथितार्थ असा, की याला ओज म्हणणार नसाल तर कशाला म्हणणार? माझे वैयक्तिक मत विचारले तर दोहोंत अश्वत्थामा अधिक भयंकर आहे. भीम ओरडतो आहे, त्याचा राग निघून जातो आहे. अश्वत्थामा यादी करतो आहे.

अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या आठव्या उल्लासात याला जो दृष्टान्त दिला त्याची विद्यार्थ्यांना नुसती आठवण करून दिली तरी अर्धे काम होते. शौर्य हा आत्म्याचा गुण, देहाचा नव्हे. पण लोक धिप्पाड माणूस पाहिला की ‘काय शूर आकृती आहे’ म्हणतात, मग तो भित्रा का असेना; आणि खरा शूर अंगाने किरकोळ असला तर त्याला शूर म्हणायला तयार होत नाहीत. अक्षरांना गुणवान म्हणणारे पंडित असेच फसतात, असे मम्मटाचे म्हणणे. एवढे बजावूनही त्याने ओजाला अनुकूल वर्णांची यादी दिलीच : ट-वर्गातील ‘ण’ सोडून बाकीचे वर्ण, श आणि ष, रेफाचे संयोग, द्वित्ते, वर्गातल्या पहिल्या-तिसऱ्यांना जोडलेले दुसरे-चौथे, आणि लांब समास. शिकवण्याच्या सोयीने दृष्टान्त मागे पडला आणि यादी पाठ झाली. मराठीतील साहित्यशास्त्राच्या परीक्षांतही हेच झाले. अर्जुनवाडकर-मंगरूळकरांची ‘काव्यप्रकाशा’ची मराठी आवृत्ती किंवा ग. त्र्यं. देशपांड्यांचे ‘भारतीय साहित्यशास्त्र’ ज्यांनी मुळातून वाचले त्यांची गोष्ट वेगळी.

ही यादी मराठीला लावू गेले तर काय होते? संस्कृतात ट-वर्ग तुलनेने विरळ आहे, म्हणून तो आला की कानाला ठोकर लागते. मराठीत तो घरोघर आहे. ‘आठवण’, ‘ओढ’, ‘वाट’, ‘ओठ’, ‘लाडका’ हे आपले सर्वांत हळवे शब्द. खुद्द ‘गोड’ या शब्दाच्या शेवटी ‘ड’ बसला आहे. मम्मटाच्या फूटपट्टीने अंगाईगीत रौद्र ठरेल. तेव्हा मराठीतील ओज वर्णांवरून ओळखणे हा मार्ग पहिल्याच पावलाला बंद होतो. मराठी समीक्षेने हे पुरेसे मनावर घेतलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

मराठीचा आरंभीचा वाङ्मयविचार ओजाची भाषा बोलतही नाही. ज्ञानेश्वर आपल्या मराठी बोलांविषयी सांगतात ते अमृताशी पैज घेणाऱ्या गोडीविषयी, कोमलपणाविषयी, रसाळपणाविषयी. सतराव्या शतकात दोन वेगळ्या वाटा शेजारी शेजारी दिसतात. रामदासांचे मारुतिस्तोत्र ही नादाची वाट आहे. अर्थ कळण्यापूर्वीच त्यातल्या जोडाक्षरांचा ठेका लहान मुलाच्या छातीत बसतो. महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांना ओजाची पहिली ओळख तिथे झाली असावी. तुकोबांची वाट दुसरी. शब्दांना आपले धन आणि आपली शस्त्रे मानणाऱ्या या कवीने समास जवळजवळ वापरलाच नाही. दोन-तीन अक्षरी, रोजच्या वापरातले, शेतातले आणि बाजारातले शब्द. तरीही दांभिकांना उद्देशून त्यांनी लिहिलेल्या अभंगांची धार चारशे वर्षांत बोथट झालेली नाही. हा अश्वत्थाम्याच्या जातीचा प्रकार आहे. मोरोपंतांच्या आर्यांत भीमाची बांधणी विपुल सापडेल, आणि तिथे ओज किती व कारागिरी किती हा वाद रंगवता येईल. त्या वादात इथे शिरत नाही.

इंग्रजी अमदानीत व्यासपीठ आणि वृत्तपत्र आले आणि ‘ओजस्वी’ हे विशेषण कवितेकडून गद्याकडे सरकले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त (1874 ते 1881) ‘वक्तृत्व’ हा विषय मुद्दाम घेतला. त्यांची स्वतःची वाक्ये मेकॉलेच्या वळणाची, पोटवाक्ये पोटात घेत शेवटी आदळणारी. दंडीला ती आवडली असती. त्याच सुमारास जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) लिहीत होते. चिपळूणकरांनी फुल्यांच्या भाषेची थट्टा केली हे सर्वश्रुत आहे. मम्मटाचा दृष्टान्त इथे शब्दशः खरा होतो : आकृती भरदार नाही म्हणून शूराला शूर म्हणायचे नाही. कुणब्याच्या घरातली भांडी, चिंध्या आणि कर्ज यांची फुल्यांनी जी मोजदाद केली आहे तिच्यातले ओज दिसायला मराठी टीकेला बरीच दशके लागली.

टिळकांचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकातच आहे. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमानंतर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारने शहरावर दात धरला, तेव्हा जुलै 1897मध्ये ‘केसरी’त जो अग्रलेख आला त्याचे शीर्षक ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे होते. ‘डोके’ आणि ‘ठिकाण’ यांत ट-वर्ग आहे हे कोणी दाखवून देईल, पण त्या वाक्याची ताकद तिथे नाही. घरातल्या वाह्यात पोराला उद्देशून थोरल्याने वापरावा असा वाक्प्रचार एका साम्राज्याला लावला आहे. वामनाच्या शब्दांत ही अर्थाची प्रौढी, आणि चरकाच्या शब्दांत ‘भितो’ या लक्षणाचा अभाव. 1908च्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव करताना 21 तासांहून अधिक वेळ भाषण केले. ते आज अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही. शिक्षेपूर्वी त्यांनी उच्चारलेली तीन-चार वाक्ये मात्र मुंबई उच्च न्यायालयात दगडावर कोरलेली आहेत.

पुढे ध्वनिवर्धक आला आणि शरीराचे आवाजाशी असलेले नाते तुटले. पूर्वी हजारांच्या सभेत बोलायचे तर छातीत दम लागे. शाहिराच्या आवाजामागे त्याची फुप्फुसे असत. यंत्राने तो दम कोणालाही उसना देऊ केला. हे यंत्राचे नुकसान नव्हे, कारण त्यामुळेच हळू बोलणारे वक्तेही लोकांपर्यंत पोहोचले. नुकसान झाले ते विशेषणाचे. उसन्या नादालाही आपण ‘ओजस्वी’ म्हणत राहिलो. शालेय वक्तृत्व स्पर्धांत मुठी आवळून, पाठ केलेल्या उपमांची माळ ओवणाऱ्या मुलांना बक्षिसे देत राहिलो. त्या मुलांना आपण जे शिकवले त्याचे खरे नाव आडंबर, म्हणजे ढोल.

याच कारणासाठी कुसुमाग्रजांच्या दोन कविता शेजारी ठेवून शिकवाव्यात असे मला वाटते. ‘विशाखा’ (1942) मधील ‘क्रांतीचा जयजयकार’ आणि नंतरची ‘कणा’. पहिलीत साखळदंडांचा खणखणाट आहे, आवाहन आहे, समूहस्वर आहे. तिला ओजस्वी म्हणायला कोणाची हरकत नसावी. मृत्यूच्या दारातल्या माणसांचा आवाज तो तसाच असणार. दुसरीत पुराने घर वाहून गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो. संवाद रोजच्या बोलण्यातला, जवळजवळ गद्य. सरांचा हात खिशाकडे जातो, तेव्हा तो पैसे नाकारतो आणि पाठीवर हात ठेवून ‘लढ’ म्हणायला सांगतो. उत्तरपत्रिकांत या कवितेला ‘साधी’, ‘हृदयस्पर्शी’, ‘करुण’ अशी विशेषणे मिळतात. ओजस्वी असे कोणी लिहीत नाही. एखाद्याने लिहिले, आणि पुढे कारणही दिले, तर त्याला पूर्ण गुण द्यायला मी तयार आहे.